गोष्ट आधी मराठीत सांगू दे, मग इंग्लिशमध्ये लिहू दे

या आठवड्याचं पत्र:

ताई, आम्ही इंग्लंडमध्ये, केंटमध्ये डार्टफर्डला राहतो. मुलगा इयर फाइव्हला आहे, सप्टेंबरमध्ये केंट टेस्ट (इथल्या ग्रामर म्हणजे मुलं निवडून घेणाऱ्या सरकारी शाळांची प्रवेश परीक्षा) देणार आणि नंतर एका इंडिपेंडंट म्हणजे खाजगी शाळेची परीक्षापण द्यायचीये. मॅथ्स आणि रीझनिंग बरं चाललंय, वाचतोही भरपूर, पण गोष्ट लिहायला बसवलं की एकतर वीस मिनिटं पेन्सिल चावत बसतो नाहीतर पान भरून लिहितो आणि त्यात काही घडतच नाही. ट्यूटरने १२ तयार गोष्टी दिल्यात, म्हणतात पाठ करा, कुठलाही विषय आला तरी यातली एक बसते. नवऱ्याला ते पटलंय, मला पटत नाहीये पण दुसरं काय करायचं तेही कळत नाही. मी सांगलीला मराठी मीडियममधून शिकले, मला इंग्लिश क्रिएटिव्ह रायटिंग कसं शिकवता येणार? त्याने 'द लॉस्ट की' वर लिहिलेलं पान सोबत पाठवतेय. – एक काळजीत पडलेली आई

अगं, पत्र वाचलं आणि पानही वाचलं, दोनदा. पानाबद्दल पुढे सविस्तर बोलू, आधी एक हिशोब सांगते म्हणजे तुझा जीव थोडा भांड्यात पडेल. केंट टेस्टचे जे मार्क धरतात ते इंग्लिश-मॅथ्सच्या आणि रीझनिंगच्या पेपरचे, सगळे पर्यायांवर खुणा करायचे पेपर. गोष्टीचं लिखाण आत्तापर्यंत वेगळं असायचं, ४० मिनिटांचं, त्यातली पहिली १० मिनिटं प्लॅनिंगसाठी, आणि त्याला मार्कच देत नाहीत (यंदा हा भाग आहे का ते कौन्सिलच्या वेबसाइटवर एकदा बघून घे). ज्या मुलाचे मार्क काठावर राहतात आणि ज्याचं नाव त्याच्या शाळेने पुढे पाठवलंय अशाच मुलाचं लिखाण हेडटीचर लोकांचं पॅनल वाचू शकतं, त्याच्या शाळेतल्या वह्यांसोबत. म्हणजे केंटपुरतं बघितलं तर यासाठी रात्रीची झोप उडवायची काहीच गरज नाही. इंडिपेंडंट शाळेचं मात्र तसं नाही, तिथे बऱ्याच ठिकाणी कॉम्प्रिहेन्शननंतर (उतारा वाचून उत्तरं लिहायची, त्यानंतर) साधारण २५-३० मिनिटांत एक लिखाण असतं, त्याला खरे मार्क असतात आणि ते त्या शाळेतली इंग्लिशची टीचर हातात पेन घेऊन वाचते. तुमच्या शाळेच्या वेबसाइटवर जुने पेपर असतील तर ते आधी काढून बघ, काही शाळा चित्र देतात, काही सुरुवातीचं वाक्य देतात, काही नुसतं शीर्षक.

दोन्हीकडे वाचणारं माणूसच आहे हे मात्र लक्षात ठेव, कारण त्या पाठ केलेल्या १२ गोष्टींची अडचण नेमकी तिथेच आहे. मी ही तयार गोष्टींची पानं खूप बघितलीत. सुरुवात झकास असते, वादळ, वीज, कुरकुरणारं दार, आणि मग पाचव्या ओळीला मुलाला आठवतं की विषय तर 'द मार्केट' होता, मग त्या वादळी रात्रीत कुठून तरी एक भाजीबाजार येतो. वाचणारीला लगेच कळतं गं, कारण पहिल्या परिच्छेदाची भाषा एका मोठ्या माणसाची असते आणि दुसऱ्याची दहा वर्षांच्या मुलाची. आणि याहून वाईट म्हणजे परीक्षेत एक वाक्य विसरलं की मूल हडबडतं, ते पुढचं आठवत बसतं, विचार करायचं थांबवतं. तुला पटत नाहीये ते बरोबरच आहे, माझं मत स्पष्ट आहे, ती फाइल कपाटात ठेव.

आता तुझ्या मराठी मीडियमबद्दल. तू शाळेत मुद्द्यांवरून गोष्ट लिहिली आहेस की नाही? म्हातारा शेतकरी, चार मुलं, रोजची भांडणं, लाकडाची मोळी, एक एक काठी, शीर्षक आणि तात्पर्य. पाच-सहा मुद्दे फळ्यावर आणि आपण त्याची पानभर गोष्ट करायची. त्या १० मिनिटांत तुझ्या मुलाने जे करायचंय ते हेच आहे, फरक इतकाच की आपल्याला मुद्दे आयते मिळायचे आणि याला स्वतः काढायचेत. म्हणजे मुद्दे दिसले की गोष्ट दिसते ही जी सवय आहे ती तुझ्या हाडात आहे. फक्त ते तात्पर्य तेवढं इथे आणू नकोस, 'त्या दिवसापासून मी शिकलो की नेहमी काळजी घ्यावी' हे शेवटचं वाक्य आपल्याकडची मुलं हमखास लिहितात कारण घरी आपण तशाच गोष्टी सांगतो, आणि त्याने चांगल्या गोष्टीचा शेवट पार मचूळ होतो.

बरं, आता त्याचं पान. मी रेघा मोजल्या. एकूण २८ ओळी. पहिल्या १५ ओळींत तो उठला, अलार्म बंद केला, दात घासले, सीरियल खाल्लं, मोजे शोधले, शाळेत निघाला. किल्ली हरवते १९व्या ओळीला. २४व्या ओळीला ड्रॅगन येतो, आणि २८व्या ओळीला 'इट वॉज ऑल अ ड्रीम'. यात त्याची चूक नाही गं, मुलं दिवस जसा घडतो तसा लिहितात, सकाळपासून. आणि स्वप्नाचा शेवट आळसाने येत नाही, वेळ संपत आलेला असतो, ड्रॅगनचं काय करायचं ते ठरलेलं नसतं, मग मूल ज्या दाराने पटकन बाहेर पडता येईल त्या दाराने बाहेर पडतं. पण त्या पानात एक जागा आहे जी मी वाचून थांबले. त्याला एकच मोजा सापडतो, त्याला भोक असतं, आणि आई म्हणते घाल तोच, बुटाच्या आत कोण बघतंय. हे वाक्य त्या १२ गोष्टींत कुठेही नसणार. त्याला आधी हे सांग, की ताईला तुझी मोज्याची ओळ फार आवडली, आणि मगच बाकीचं बोल.

गोष्ट रचायला मी मुलांना तीनच प्रश्न शिकवते. कोणाला काय हवंय? आडवं काय आलं? आणि शेवटी काय बदललं? भोपळ्यातली म्हातारी आठव. तिला लेकीकडे जायचंय, हे झालं हवंय. वाटेत वाघ-कोल्हा, हे आडवं आलं. ती त्यांना म्हणते आत्ता काय खाता, लेकीकडून लठ्ठ होऊन येते मग खा, आणि इथेच गोष्टीची खरी गंमत आहे कारण आता ऐकणाऱ्या पोराला माहितीये की तिला याच वाटेने परत यायचंय. म्हणजे संकट टळलं नाही, पुढे ढकललं गेलं आणि मोठं झालं. म्हणून तर भोपळा लागतो. तुझा मुलगा ही गोष्ट लहानपणापासून ऐकतोय, त्याला एकदा विचार की म्हातारीने पहिल्याच वाघाला काठीने पळवलं असतं तर? तो म्हणेल मग काय, गोष्टच संपली. बस, मधला भाग म्हणजे काय ते त्याला कळलं.

इथल्या शाळेत त्याला 'स्टोरी माउंटन' शिकवलेलं असणार, ओपनिंग, बिल्ड-अप, प्रॉब्लेम, रेझोल्यूशन, एंडिंग. त्यात वाईट काही नाही, पण मुलं त्या डोंगराचे पाच सारखे तुकडे करतात आणि सुरुवातीला जास्त वेळ असतो म्हणून तिथेच रेंगाळतात. माझं माप वेगळं आहे. सुरुवात चार-पाच ओळी, त्यातच अडचण दिसली पाहिजे. अर्धं पान अडचण वाढण्यात. शेवट पुन्हा पाच-सहा ओळी. माणसं दोन, फार तर तीन, कारण बोलणारा बदलला की नवीन परिच्छेद, अवतरणचिन्हं, सगळं सांभाळायचं असतं आणि चार जण बोलायला लागले की मुलांचा गोंधळ होतो. जागा एक. आणि वेळ तासाभराचा, जमलं तर दहा मिनिटांचा.

हे कसं होतं ते एका गोष्टीवरून दाखवते. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी यायची, तिलाही हाच विषय दिला होता, हरवलेली किल्ली. तिनेही आधी खजिना, गुहा असंच काहीतरी सुरू केलं. मी तिला म्हटलं, पेन ठेव, मला सांग तुझ्याकडे घराची किल्ली आहे का? म्हणाली आहे. कधी हरवली तर कोणाचं अडेल? ती जरा विचार करून म्हणाली, आजीचं. कारण आजी कोल्हापूरहून आलेली, दिवसभर घरात एकटी, आई दाराला कुलूप लावून जाते आणि दुसरी किल्ली आईच्या पर्समध्ये, आई लंडनला ऑफिसात. मी म्हटलं मग किल्ली नाही, तू दाराबाहेर आणि आजी दाराच्या आत, तुम्ही काय कराल? ती पटकन म्हणाली, लेटरबॉक्समधून बोलू! तिथे गोष्ट मिळाली. बाकी सगळं त्या लेटरबॉक्समधून आलं.

पण किल्ली सापडायची कुठे? मुलं इथे शेजाऱ्याला आणतात, पोलिसाला आणतात, किंवा 'अचानक' किल्ली गवतात चमकते. अचानक हा शब्द मी शेवटाच्या भागात लिहूच देत नाही. मी तिला विचारलं शाळेत किल्ली कुठे ठेवतेस, तर म्हणाली पीईच्या कपड्यांना खिसे नसतात, म्हणून एकदा डब्यात ठेवली होती. डब्यात! आणि डबा काय होता? थालीपीठ. खाल्लं होतंस का? मान खाली. नव्हतं खाल्लं, कारण टेबलावर सगळे वळून बघतात. मी पुढे काही बोललेच नाही, तिचं तिलाच सुचलं.

तिने लिहिलेली गोष्ट साधारण अशी होती. मुलगी दारात गुडघ्यावर बसलीये, दप्तर पायपुसण्यावर उपडं केलंय, पीईचे बिनखिशाचे कपडे, वाचायचं पुस्तक, आणि न उघडलेला डबा, जो ती पटकन बाजूला सारते. लेटरबॉक्सची झापड वर होते, आत आजीचे डोळे दिसतात. आजी म्हणते घाबरू नकोस, मी गॅस बंद करून येते. मुलगी पुन्हा पुन्हा तेच खिसे तपासते. अंधारायला लागतं, पाऊस येतो, आजी आतून एक एक बिस्किट बाहेर सरकवते. आणि मग आजी सहज विचारते, डबा खाल्लास का? मुलगी म्हणते हो. आजी म्हणते, मग रिकामा डबा दाखव बघू. आता दाखवल्याशिवाय सुटका नाही, ती डबा उघडते, फॉइल बाजूला करते, थालीपीठ, आणि खाली किल्ली. शेवटची ओळ अशी होती की तोंडात गार थालीपीठाचा घास असताना तिने दार उघडलं.

बघ ना यात किती काय आहे. पिशवीतला डबा पहिल्या परिच्छेदात आहे, वाचणाऱ्याने तो बघितलाय आणि विसरलाय. किल्ली सापडते ती नशिबाने नाही, तिच्या खोटं बोलण्यामुळे सापडते. आणि बदललं काय? किल्ली मिळाली हे तर झालंच, पण ती थालीपीठ खाते. याबद्दल एक अक्षर समजावून सांगितलेलं नाही, आणि नको होतं. हे सगळं तिने एका पानात बसवलं, इंग्लिश अगदी साधं, थालीपीठाला तिने थालीपीठच लिहिलं आणि बाजूला लिहिलं की आजी ते बोटांनी भोकं पाडून थापते. परदेशी शब्द चालेल का म्हणून घाबरू नका, एका ओळीत दिसलं पाहिजे की ती वस्तू काय आहे, मग काही अडत नाही.

म्हणून म्हणते, शेवट आधी ठरवायचा. प्लॅन करताना पहिला मुद्दा लिहायच्या आधी शेवटचा लिहायचा. दार कसं उघडणार ते ठरलं की मागे जाऊन डबा कुठे ठेवायचा ते कळतं. ४० मिनिटांपैकी त्या १० मिनिटांत मुलाने विषय वाचून तो आपल्या कोणत्या खऱ्या गोष्टीशी जुळतो ते शोधावं, मग तीन प्रश्नांची उत्तरं दोन-चार शब्दांत, मग शेवटची ओळ, आणि मधल्यासाठी दोनच मुद्दे, अडचण एकदा कशी वाढते आणि दुसऱ्यांदा कशी वाढते. पूर्ण वाक्यं नकोत, वेळ जातो. इंडिपेंडंटच्या पेपरला प्लॅनिंगची वेगळी वेळ दिलेली नसेल तरी पाच मिनिटं काढायचीच, बाकीची मुलं खरडायला लागलेली बघून याचा हात शिवशिवेल, त्याची सवय घरीच करून घे. शेवटची तीन मिनिटं फक्त काळ तपासायला, कारण थरार आला की मुलं पास्ट टेन्समधून प्रेझेंटमध्ये कधी घुसतात त्यांना कळतही नाही, आणि पूर्णविराम आणि अवतरणचिन्हं.

आता भाषेचं, कारण तुझी भीती खरी तिथे आहे. फ्रॉन्टेड ॲडव्हर्बियल (कधी, कुठे, कसं हे वाक्याच्या सुरुवातीलाच सांगणारे शब्द), सिमिली (उपमा), 'वॉव वर्ड्स' (भारी वाटणारे शब्द) हे सगळं त्याला शाळेत शिकवतात, तो तुझा प्रांत नाही आणि असायची गरजही नाही. तुझं काम गोष्ट बाहेर काढायचं, आणि ते मराठीतच जास्त चांगलं होतं. मूल घरच्या भाषेत सांगतं तेव्हा तपशील येतात, कोण काय म्हणालं, कसा चेहरा केला, भोकाचा मोजा वगैरे. इंग्लिशमध्ये लिहायला बसलं की तेच मूल 'देअर वॉज अ मिस्टीरियस हाउस' करतं. म्हणून आधी तोंडी, मराठीत, मिक्स मराठीतही चालेल, स्वयंपाकघरात, तू पोळ्या लाटत असताना. तू फक्त विचारत राहायचं, मग? मग काय झालं? त्याला का नको होतं? आणि तो सांगत असताना सुधारायचं अजिबात नाही. मग तेच त्याने मुद्द्यांत लिहायचं, मग इंग्लिशमध्ये गोष्ट. सुरुवातीला त्याला विचित्र वाटेल, दोन-तीन आठवडे दे.

ट्यूटर सांगत असतील की रोज एक गोष्ट लिहायला लावा. मी तसं सांगणार नाही. घड्याळ लावून पूर्ण गोष्ट आठवड्यातून एकच, शनिवारी सकाळी वगैरे. बाकी दिवशी फक्त प्लॅन, एक विषय, दहा मिनिटं, मुद्दे काढले की वही बंद. एखाद्या दिवशी एकाच विषयाचे तीन वेगळे शेवट. एखाद्या दिवशी त्याचीच जुनी गोष्ट घ्यायची आणि पहिल्या दहा ओळी खोडून गोष्ट तिथून सुरू होते का बघायचं, जवळजवळ नेहमी होते, आणि मुलांना हे खोडणं जाम आवडतं. वाचतो भरपूर म्हणतेस तर काही वाचून संपलं की तेच तीन प्रश्न, पण जेवताना गप्पा मारत, परीक्षा घेतल्यासारखं नको. सगळं मिळून आठवड्याचा दीड तास होतो, त्याहून जास्त वेळ रीझनिंगमधून काढून इकडे देऊ नकोस, केंटसाठी तर नाहीच.

आणि पेन्सिल चावत बसतो त्या दिवसाचं. बहुतेक वेळा मूल आळशी नसतं, त्याला 'भारी' कल्पना हवी असते आणि ती येत नसते. त्याला म्हण, भारी नको, खरी दे. कधी घाबरलास, कधी लपवलंस, कधी खोटं बोललास, कधी कोणाचं काहीतरी मोडलंस. एका वहीच्या मागच्या पानावर अशा दहा-बारा खऱ्या गोष्टींची यादी करून ठेवा, एकेका ओळीत. सायकल शेडच्या मागे पडली ती, विमानात आजोबांचा चष्मा हरवला तो, असं काहीही. पाठ करायचंच असेल तर ही यादी पाठ असू दे. विषय कुठलाही येवो, दार, पाऊस, बक्षीस, पूल, त्यातलं काहीतरी जवळ येतंच, आणि बदलायचं तिथे खुशाल बदलू दे, गोष्ट आहे ती, जबानी नाही.

नवऱ्याशी यावरून वाद घालत बसू नकोस. त्यांना म्हण, दोन शनिवार द्या. एका शनिवारी फाइलमधली गोष्ट त्या विषयावर बसवून लिहायची, दुसऱ्या शनिवारी यादीतली, विषय तोच, वेळ तोच. मग दोन्ही पानं तुम्ही दोघांनी शेजारी ठेवून मोठ्याने वाचा, मुलगा समोर नसताना. त्यांना काय वाटतं ते त्यांचं त्यांनाच ठरवू दे, मला खात्री आहे म्हणूनच हे सुचवतेय.

आणि मोज्याची ओळ वाया घालवू नका. त्याला विचार, बूट काढावे लागले अशी कुठली जागा होती का त्या दिवशी. देऊळ, सॉफ्ट प्ले, डॉक्टर, मित्राचं घर, काय म्हणतो बघ. तिथून पुढे तो सांगेल ते मला लिहून पाठव, मराठीत पाठवलंस तरी चालेल.